टपालाने गेलेलं एक मत

सारागोसा, शुक्रवार

प्रिय ओरोसिया,

आठवतं का तुला, मठाच्या शाळेत शनिवारी दुपारी आपल्याला स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बदाम फोडायला बसवायचे? तू एक बदाम टोपलीत टाकायचीस आणि एक तोंडात. सिस्टर बेनिता खुर्चीत डुलक्या घेत असायच्या आणि डोळे न उघडताच म्हणायच्या, "ओरोसिया, चावल्याचा आवाज देवापर्यंत जातो हं." हल्ली बदाम सोललेलेच मिळतात. परवा ब्लांकाने तसली पिशवी कात्रीने उघडली आणि मला उगाचच तुझी फार आठवण आली.

तर तुझ्या दोन्ही गालांचे पापे घेऊन विचारते, गुडघे कसे आहेत? बार्सिलोनाची दमट हवा त्यांना मानवते का? सूनबाईंचं आणि तुझं बोलणं सुरू झालं का? (मागच्या पत्रात ते बंद होतं. कारण तू लिहिलं नव्हतंस, पण मला वाटतं लसूण असावा.) माझं ठीक आहे. खुब्याचा नवा सांधा जुन्यापेक्षा चांगला चालतो. तो पुढे जातो, बाकीची मी त्याच्या मागून जाते. लेक जीव लावते, जावई एलॉय हसतमुख आहे, चौथ्या मजल्यावरून कबुतरं दिसतात. तक्रारीला जागा नाही, आणि तेच जरा अवघड जातं.

आता मुद्द्याचं. आपल्या वाल्देसिएर्सो गावच्या सरपंचाची निवडणूक येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी आहे, हे तुला ठाऊक असेलच. तुझा चुलतभाऊ फेर्मीन पुन्हा उभा आहे आणि त्याच्यासमोर बेकरीवाली कासिल्दा. तिने लांबलांबच्या गावांना फोन करून करून दोन कुटुंबं शोधली आहेत. मुलंबाळं असलेली, गावात येऊन राहायला तयार असलेली. ती कुटुंबं आली तर गावची शाळा टिकते, नाही आली तर सप्टेंबरात तिला कुलूप. अट एवढीच की शाळेच्या वरच्या मजल्यावरचं मास्तरांचं घर दुरुस्त करून द्यायचं. फेर्मीन म्हणतो, ते घर शिकारी मंडळाला द्यावं, म्हणजे निदान वर्षातून महिनाभर तरी गावात कुणीतरी बोलेल. (रानडुकरांशी, असं तो म्हणाला नाही, पण मी मनात म्हटलं.) इकडे ब्लांका मला सांगते, "आई, हिवाळ्यात तिथे चुलीला आणि तुला मिळून एकच सोबत असते, एकमेकींची. शाळाही गेल्यावर मी तुला तिकडे पाठवायची कशी?" म्हणजे बघ, शाळा उघडी राहिली तर मी घरी परतणार. नाही राहिली तर मरेपर्यंत कबुतरं.

म्हणून ठरवलं, टपालाने का होईना, मत द्यायचं. ते इतकं सोपं आहे की तुला सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. अर्ज स्वतः जाऊन करायचा असतो, लेकीला पाठवून चालत नाही. त्यामुळे दोन्ही कुबड्या घेऊन मी टपाल कचेरीत गेले आणि बराच वेळ एका रांगेत उभी राहिले. ती पार्सलांची निघाली. दुसऱ्या रांगेत खिडकीतल्या गृहस्थांनी ओळखपत्र मागितलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, "बाई, याची मुदत संपलीय." मी कुबडी सावरत विचारलं, "म्हणजे मत गेलं?" ते म्हणाले, "घाबरू नका. कार्ड मेलं तरी चालतं, मतदार जिवंत असला म्हणजे झालं." मी म्हटलं, "अहो, सध्या अर्धीच जिवंत आहे, उरलेली टायटॅनियमची." त्यांनी हसता हसता शिक्का मारला.

मग मताचे कागद घरी येतात. तेही ज्याचं मत त्याच्याच हातात, ओळख पटवून, सही घेऊन. टपालवाली पहिल्यांदा आली तेव्हा मी व्यायामाला गेले होते. एलॉय म्हणाला, "द्या माझ्याकडे, मी जावई आहे." ती म्हणाली, "म्हणूनच देत नाही." (मला ही बाई तेव्हाच आवडली.) दुसऱ्यांदा आली त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि ब्लांका माझ्या केसांना रंग लावत होती. खालून हाक आली, "एंग्रासिया आजी कोण?" मी सज्जात जाऊन ओरडले, "मीच, पण वर या, मला उतरता येत नाही." ती धापा टाकत चार मजले चढून आली, एकदा ओळखपत्रातल्या फोटोकडे आणि एकदा डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या, कपाळावरून काळे ओघळ येणाऱ्या माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, हसून दाखवा." मी हसले. "हां, दात जुळतात," म्हणून तिने सही घेतली. रंगाचं एक बोट तिच्या सहीच्या यंत्रावरही उमटलं.

पाकिटात प्रत्येक पक्षाचा एकेक कागद, एक छोटं पाकीट मताचं, एक मोठं गावच्या मतदान केंद्राचा पत्ता घातलेलं, आणि आपलं नाव यादीत असल्याचा दाखला. आपल्याला हवा तो कागद छोट्या पाकिटात, छोटं पाकीट आणि दाखला मोठ्यात. सगळं चहाच्या टेबलावर मांडलं तर एलॉय शेजारी बसून कुणी किती रस्ते केले ते सांगायला लागला. मी म्हटलं, "बाबा, आम्हाला शिकवलंय, मत आणि पापाची कबुली एकट्यानेच द्यायची," आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. खोटं कशाला सांगू, कासिल्दाच्या कागदाची घडी मी दोनदा उलगडून पुन्हा घातली. गावच्या शाळेची ती बुटकी बाकं डोळ्यांपुढे आली. पाकीट चिकटवून बाहेर आले तर दाखला गायब. शोधून शोधून सापडला तो एलॉयच्या कॉफीच्या कपाखाली, गोल डाग पडलेला. ब्लांका त्याला म्हणाली, "आईचं नागरिकत्व तुला बशी वाटली काय?" वाचता येत होतं तेवढं पुरे. दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीत मोठं पाकीट दिलं, पावती घेतली. घरी येताना सांधा माझ्या पुढे नाही, बरोबरीने चालत होता, अगदी खरं.

तेव्हा, ओरोसिया, म्हातारपणी काही जमत नाही असं म्हणू नकोस. सगळं जमतं, फक्त रांग बरोबर निवडावी. सूनबाईंना माझा नमस्कार सांग, नातवाला पापा.

तुझी,
एंग्रासिया

ता. क. पत्र लिहून झालं आणि ब्लांका धूळ पुसताना म्हणाली, "आई, आरशात खोचलेली सांता रिता कुठे गेली?" मी गार पडले. तुला आठवत असेल, सिस्टर म्हणायच्या, मुलींनो, संताच्या चित्राशिवाय एकही पाकीट घराबाहेर पाठवू नका. मी आयुष्यभर ते पाळलंय, विजेच्या बिलालासुद्धा. मताच्या पाकिटात अशक्य कामांची संत कधी गेली, माझ्या हाताला कळलंसुद्धा नाही. एलॉयने नियम बघितला: पाकिटात मताच्या कागदाशिवाय काहीही निघालं की मत बाद. धावत (म्हणजे माझं धावणं) कचेरीत गेले, तर खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "बाई, ते पाकीट आता तुमचंही नाही आणि माझंही नाही. आणि टपालाने मत दिलंत, आता गावात जाऊनही देता येणार नाही." मग हळूच म्हणाले, "माझी आई पण घालते हो, सान अंतोनिओ."

आणखी एक. वर मी जे टपालाने मत देण्याचं कौतुक लिहिलंय ते विसर, अर्जाची मुदत संपलीय. तुझं नाव अजून गावच्याच यादीत आहे. (बार्सिलोनाच्या फ्लॅटला धुराडं नाही, तरी गावच्या रानातल्या लाकडांचा वाटा सुटू नये म्हणून, हे साऱ्या गावाला माहीत आहे.) मागच्या वेळी फेर्मीन एका मताने निवडून आला आणि जत्रेत तू सगळ्यांना सांगत होतीस, ते मत माझं. तर त्या रविवारी बस पकड आणि स्वतः जा. पाकिटात कुठला कागद घालायचा ते तुझं तू आणि तुझा देव बघा. पण आधी शाळेच्या दारात जरा उभी राहा, एवढंच मागते.

सोबतच्या डब्यातल्या वस्तू अशा द्यायच्या: लोकरीचे मोजे तुझ्या नातवाला. बदामाचा केक सूनबाईंना, त्यात लसूण नाही. मोसंब्याचा मुरंबा फेर्मीनला, निकाल काहीही लागो, निकालानंतर दे. आणि कापडात बांधलेली मोठी किल्ली माझ्या घराची. ती मतदान व्हायच्या आधीच कासिल्दाच्या हातात दे. एक कुटुंब माझ्या घरात मावेल, दुसऱ्यासाठी मास्तरांचं घर लागेल आणि त्यासाठी तिला निवडून यावंच लागेल. वरच्या तिन्ही खोल्या त्यांच्या. खालची चुलीजवळची माझी, तिथे पोरांनी कधीही यावं, दार वाजवायची गरज नाही.