हार घातलेलं मशीन

मंगळवार, संध्याकाळ

अवजारं वाफेवर निर्जंतुक करायचं नवं मशीन आलं, हार घालून फोटो काढले, आणि जुनं त्याच गाडीतून नेलं. नव्याला लागेल एवढी वीज आमच्या दवाखान्यात नाहीच. हार सुकला तरी कोणी काढत नाही.

आज सुनीता कळा घेऊन आली. घरी बाळंत होऊ नकोस, असं मीच तिला महिनोन्महिने विनवलं होतं. अवजारं निर्जंतुक करता येत नाहीत म्हणून डॉक्टरांनी गडचिरोलीला पाठवलं. सासूने हाराकडे बोट दाखवलं. "मशीन तं हाये ना बाई, मंग काऊन पाठोता?" मी जीप बोलावली.

वाटेतल्या धानोऱ्याच्या आधीच, जीपमध्ये बाळ झालं. दोघंही ठीक आहेत. सासूचा फोन आला, रागही नव्हता आवाजात. "पुढच्या खेपेले घरीच करू, बाई."

मला ‘नको’ म्हणवलं नाही.