दाजींनी टाकलेला ड्रायव्हर

नांदेड, गुरुवार, संध्याकाळी साडेसात

डोकं नुसतं भणभणून राहिलं. चार वाजल्यापासून एक पान छापायचं होतं, एक! पोरीच्या हॉस्टेलचा फॉर्म, उद्या सकाळी लातूरला द्यायचाय.

प्रिंटर चांगला चालू होता. पण ताईचे मालक, आमचे दाजी, अर्धापूरहून केळी घेऊन आले आणि थेट कॉम्प्युटरसमोर बसले. "प्रिंट फिक्की येऊन राहिली, ड्रायव्हर जुना हाय," म्हणाले आणि प्रिंटर चालवायचा तो प्रोग्रॅम पेनड्राइव्हमधून आपला टाकला. झालं! यादीत एकाच प्रिंटरची दोन नावं, दुसऱ्यापुढं 'कॉपी १'. दोघं एकमेकांना अडवून बसले. कागद आत जायचा आणि कोराच बाहेर यायचा.

काढून टाकतो म्हटलं तर बायकोनं डोळे वटारले. दाजी समोर बसलेले असताना त्यांनी केलेलं पुसायचं कसं? मी माउस सोडून दिला. का ऐकून घेतो मी? पन्नाशी आली तरी! पोहे झाले, दोनदा चहा झाला, 'कॉपी १' काही हलेना. दाजी बी हलेनात.

सहाला त्यांची मोटारसायकल कोपऱ्यावर वळली आणि मी 'कॉपी १' उडवला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फॉर्म पहिल्याच फटक्यात निघाला, काळाभोर.

अर्ध्या तासात दाजींचा फोन. "निघाला का? म्हनलं होतं ना, माझ्या ड्रायव्हरला जरा टाइम लागतो."

"हाव दाजी, तुमच्यामुळंच निघाला."

आता रविवारी ते आमचा फ्रीज उघडून बघणार आहेत. फ्रीजला काहीही झालेलं नाही.