गल्लीचा चोरप्रतिबंधक तक्ता

२ मार्च, सकाळ.
जिल्हा वाढतोय. रस्ते वाढले, इमारती वाढल्या, मग चोरांनीच काय पाप केलंय? तीन महिन्यांत आपल्या गल्लीत पाच घरफोड्या, सगळ्या भरदुपारी, बंद घरांत. पोलिसांना ट्रेंड दिसत नाही. मला दिसला. संकल्प: महिन्याभरात गल्ली चोरमुक्त.

५ मार्च.
बायको म्हणते, तिच्या आईच्या बांगड्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू. आईची तेवढीच आठवण उरलीय तिच्याकडे. म्हटलं, मी असताना लॉकर कशाला? बांगड्या परत कपाटात ठेवल्या तिने. पटलं असावं.

९ मार्च.
तक्ता तयार! कोणतं घर किती ते किती रिकामं, किल्ली कुठे, सगळं. रिकाम्या वेळा लाल शाईत. जिन्याखाली लावला, म्हणजे शेजारी लक्ष ठेवतील. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी विचारलं, काका, हे बाहेरच्यांनाही दिसेल ना? शिकलेल्या माणसांना शंका फार.

१२ मार्च.
कोणी ढुंकून बघत नाही. गाढवापुढे वाचली गीता.

१४ मार्च, दुपारी ३.
अखेर एक कदरदान भेटला! पाण्याचं मीटर बघायला आलेला. अर्धा तास तक्ता वाचला, फोटो काढला. आमच्या रकान्यातलं 'मंगळवार ११ ते १: बायको दवाखान्यात, मी व्याख्यानाला, किल्ली कुंडीखाली' हे तर दोनदा विचारून खात्री करून घेतली. म्हणाला, साहेब, असं काम कुठे पाहिलं नाही. मीटर बघायचं मात्र विसरला.

१८ मार्च, मंगळवार.
शाळेच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान, 'चोराच्या एक पाऊल पुढे'. श्रोते अकरा, पैकी जागे चार. घरी आलो तर दार सताड उघडं, कपाट साफ. बांगड्या गेल्या. हवालदारांनी तक्ता वाचला आणि हसू दाबत म्हणाले, काका, आमंत्रणपत्रिका छान छापलीय. बायको पलंगावर नुसती बसून होती. रडली नाही. मला ते बघवेना.

१९ मार्च.
एक गोष्ट सिद्ध झाली. तक्ता अचूक होता, वेळ मिनिटाला जुळली. हे बायकोला सांगायला नको होतं.

२० मार्च, सकाळ.
तक्ता काढायला खाली गेलो. आमच्या रकान्यात बायकोचं अक्षर, लाल शाईत: 'मी भावाकडे. परत कधी, ठरलं नाही. घरात नेण्यासारखं काही नाही. नवरा आहे.'