डाव्या डोळ्यातला ठिपका

हावलिक फोटो स्टुडिओ, नेब्रास्का
१२ नोव्हेंबर १९४४

प्रिय एमिल,

तू आणि तुझं जहाज, दोघंही सुखरूप असाल अशी आशा करते. इकडे सगळं ठीक. मका घरात आला, पहिलं हिम पडून गेलं, बाबांचा खोकला तसाच आहे. लढाईवर गेलेल्या मुलांचे फोटो रंगवून घ्यायला रोज कोणी ना कोणी येतं. बाबा फोटो मोठे करतात, मी रंग भरते.

मागच्या आठवड्यात तुझी आई तुझा फोटो घेऊन आली. निघण्याआधी बाबांनी काढलेला, नौदलाच्या गणवेशातला.

मला बाबांनी अक्षरांच्या आधी रंग शिकवले, हे तुला माहीतच आहे. त्यांचा नियम एकच: काळ्या-पांढऱ्या फोटोत जे दिसत नाही, ते आपल्या मनाने भरायचं नाही. विचारायचं. म्हणून मी विचारलं, "काकू, डोळे कोणत्या रंगाचे करू?"

"बापासारखे. तपकिरी. त्यात काय विचारतेस?"

मी तपकिरी भरले. तर फोटोतला तू कोणी सभ्य, अनोळखी माणूस दिसायला लागलास. मी त्या फोटोकडे पाठ करून इतर कामं उरकली. शेवटी राहवेना. डावा डोळा कापसाने पुसला, पुन्हा रंगवला, आणि बुबुळाच्या खालच्या कडेला मधाच्या रंगाचा ठिपका ठेवला. सुईच्या टोकाएवढाच.

काल काकू आल्या. फोटो खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"हा ठिपका तुला कोणी सांगितला?"

"मळणीच्या वेळी त्याच्या डोळ्यात कुसळ गेलं होतं ना, काकू. मी रुमालाने काढलं, तेव्हा दिसला."

"कुसळ उजव्या डोळ्यात गेलं होतं. औषध मीच घातलंय."

माझे कान तापले. बाबा घाईघाईने कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरले.

"अहो हावलिक, बाहेर या. खुर्चीवर कोणी बसलेलं नाही."

"मला काही दिसलं नाही," कापडाखालून बाबा म्हणाले. "इथून सगळं उलटंच दिसतं."

काकू हसल्या. मग माझी हनुवटी धरून हळूच म्हणाल्या, "पोरी, हा ठिपका दिसायला किती जवळ जावं लागतं, ते मला ठाऊक आहे. मी त्याला अंगावर पाजलंय. त्याच्या बापालासुद्धा अजून पत्ता नाही."

फोटो वाळायला ठेवून गेल्या. जाताना टोपलीतले कोलाचे, ते खसखस भरलेले गोड पाव, टेबलावर ठेवले. एरवी त्या दोन देतात. काल टोपलीच ठेवून गेल्या.

एमिल, स्टेशनवर तू एकच गोष्ट विचारली होतीस, माझी वाट पाहशील का. मी म्हणाले, विचार करून कळवते. गाडी हलेपर्यंत तू हसत होतास. त्यानंतर मी तुला हवा कळवली, मका कळवला, बाबांचा खोकला कळवला, आणि प्रत्येक पत्राखाली 'तुझी शेजारीण' लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण पक्कं ठाऊक नसलेलं कागदावर उतरवायला माझा हात धजत नाही. आणि तू परत येशील, हे मला कोण पक्कं सांगणार?

तेलाचे रंग सावकाश वाळतात. ओले असेपर्यंत पुसता येतात. आज सकाळी मी तुझ्या डाव्या डोळ्यावर बोट टेकवून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही.

जपून राहा.

तुझी वाट पाहणारी,
लिब्बी