तोंड मिटून एक सूर

४ मार्च
तिसऱ्यांदा नापास! भुताचं संगीत ऐकून दादा म्हणाला, "भीती नाही गं वाटत. कानाशी डास आल्यासारखं वाटतं." डास! सगळ्या व्हायोलिनवाल्यांकडून गजाच्या दांडीने तारा बडवून घेतल्या — आणि हा म्हणे डास. सख्खा भाऊ दिग्दर्शक असू नये. परक्याला निदान मनातल्या मनात शिव्या घालता येतात.

५ मार्च
चित्रपट पुन्हा पाहिला. भरकटलेलं अवकाशयान. दोघंच उरलेत — म्हातारा कप्तान आणि एक शिकाऊ पोरगी. आणि तिसरं काहीतरी, जे शेवटपर्यंत दिसत नाही. मग ते आहे हे कळणार कसं? माझ्या संगीतातून! भूत दादाचं, घोर माझ्या जिवाला.

६ मार्च
काही सुचलं नाही. कपाट आवरलं.

८ मार्च
निर्मात्याचा फोन. आवाज मधाळ. "ताई, बुधवारचं ध्वनिमुद्रण जमलं तर उत्तमच, नाहीतर मग आपण दुसऱ्या कुणाला तरी..." पुढचं बोललेच नाहीत. वाद्यवृंदासाठी लिहायला मिळावं म्हणून किती वर्षं साबणांच्या जाहिरातींना चाली लावल्या! हे हातचं गेलं की परत साबण. दादाला म्हटलं, माझ्या बाजूने बोल ना. तर म्हणतो, "आधी मला घाबरव, मग बोलतो." मेला!

९ मार्च
पत्रा पाण्यात बुडवून ठोकून पाहिला. ट्रॉम्बोनवाल्याला घरी बोलावून नुसती हवा फुंकायला लावली. शेजारीण धावत आली — "गॅस गळतोय का हो?" बाई घाबरली, पण गॅसला.

१० मार्च
सुचलं!! मला जन्मात सगळ्यात जास्त भीती कुणी घातली? दादानेच! लहानपणी अंथरुणात पडलो की कधीकधी माझे दोन्ही कान तळव्यांनी गच्च दाबायचा, डोक्याला डोकं लावायचा आणि तोंड मिटून गुणगुणायचा. एकच खालचा सूर. संपतच नसे. "भिंतीतला माणूस आलाय, हलू नकोस." माझी पाचावर धारण बसायची.

तर वाद्यं खाली ठेवायची. सगळ्यांनी आपापले कान झाकून तोच सूर गुणगुणायचा. कुणालाच कुणाचं ऐकू जाणार नाही, म्हणजे सूर हळूहळू फाटत जाणार. आईला फोनवर सांगितलं. तर म्हणते, "दुसरं काही नाही का सुचलं?" आमच्या आईला माझं कधी पटलंय!

१२ मार्च, बुधवार
वाद्यवृंदाचे संचालक कुरकुरले. "बाई, आम्ही वाजवणारी माणसं. शाळेतल्या पोरांसारखं कान धरायला लावता?" चेलोवाली फिस्सकन हसली. मग हात कानांवर गेले. आधी एक सूर. मग तो सरकायला लागला, चिरफळ्या झाल्या, पण कुणालाच पत्ता नाही, सगळे डोळे मिटून चालूच! माझ्याच अंगावर काटा. काचेपलीकडे पाहिलं तर दादा उठला, भिंतीला धरत बाहेर गेला.

घाबरला! जिंकले!

१३ मार्च
निर्माते खूश. "ताई, रक्त गोठलं!" दादा मात्र फोन उचलत नाही. माझं काही चुकलं का? जेवण गेलं नाही. नुसत्या येरझाऱ्या.

१४ मार्च
दादा आला. चपलाही न काढता दारातच, "त्यांना कान कशाला झाकायला लावलेस?"

म्हटलं, "तूच नाही का झाकायचास? मला घाबरवायला!"

म्हणाला, "बुटके, पलीकडच्या खोलीत बाबा आईला मारायचे. तुला ऐकू जाऊ नये म्हणून झाकायचो."

तेव्हा तो स्वतःच केवढासा होता! त्याचे कान कोण झाकत होतं? आणि मी इतकी वर्षं चारचौघांत सांगत आले, माझा भाऊ कसला दुष्ट, मला छळायचा — आणि हाही माझ्याबरोबर हसायचा. कधी बोलला नाही.

"आणि भिंतीतला माणूस?" मी विचारलं.

"त्याला भ्यायचीस, ते बरं होतं."

खूप रडले. त्याने चहा केला. साखर विसरला. दोघांनी तसाच प्यायला.

१५ मार्च
गुणगुण भुतावरून काढली. कप्तान पोरीला वाचवायला आत ठेवून दार बाहेरून लावतो, तिथे घातली. भुताला आता काहीच संगीत नाही. निर्माते ओरडतील. ओरडू देत.