शेकोटीभोवतीचा बाक

१७ डिसेंबर १९९८, गुरुवार

दमलोय, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. परसातली शेकोटी आज पेटली. दादाने मुंबईहून पाठवलेल्या मासिकातल्या बागेत होती तशीच केली. मध्ये खड्डा, भोवती गोल दगडी बाक. नळीत पाणी भरून, दोन्ही टोकांची पातळी बघत बाकाची उंची सगळीकडे सारखी केली, बोटभरही फरक नाही.

केलं ते वहिनीसाठी. तिला आठवा महिना लागलाय, जमिनीवर बसवत नाही. थंडी तर तिलाही वाजते.

आबा आले, बाक हाताने चाचपला आणि आगीपाशी जमिनीवरच उकिडवे बसले.

"आबा, वर बसा की."

"वर बसाया मी काय पावना हाय? तिथं शेक लागत नाय रे."

झालं. सासरा जमिनीवर, मग सून बाकावर कशी बसेल? वहिनी दारातच उभी, एक हात कमरेवर. उंची एवढी मोजली, आणि हे कसं सुचलं नाही मला? आता आबांना सांगायचं तरी कसं?

तेवढ्यात आबाच उठले. "लाकडं आनतो," म्हणत गोठ्यामागे गेले. वहिनी हळूच बाकावर टेकली, हात शेकू लागली. थोड्या वेळाने त्यांचा खोकला जवळ आला, तशी ती उठायला लागली. ते वाटेतच थांबले.

"आनखी लागतील," कुणाकडेच न बघता म्हणाले आणि मागे वळले.

लाकडांचा भारा तर पहिल्यापासून माझ्या पायाशीच पडला होता. वहिनी शेकून आत जाईपर्यंत आबा तिकडे थंडीत उभे राहिले.