माझा एकुलता एक वाचक

प्रिय ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार,

मी मजेत आहे, काळजी करू नकोस. कालपासून तुझा फोन लागत नाही. बिघडला असेल, म्हणून हे पत्र.

बातमी आनंदाची आहे. दुकानातल्या माझ्या कादंबरीच्या सगळ्या प्रती खपल्या! इतके दिवस मीच जाऊन ती पुढच्या फळीवर मांडायचो आणि दुकानदार परत मागे ढकलायचा. आता म्हणतो, "एकाच माणसाने सगळ्या नेल्या. तुमचा पत्ताही मागून घेतला."

काल तो गृहस्थ घरी आला. मला तर काय करू नि काय नको असं झालं. कादंबरीतला नवरा बायकोला मारून स्वयंपाकघराच्या फरशीखाली पुरतो, नेमकं तेच पान उघडून त्याने विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

अशी दाद मला जन्मात मिळाली नव्हती! मी म्हटलं, "सगळं माझ्याच डोक्यातलं." तो हसला नाही.

"आणखी कोणाकडे प्रत आहे?"

तुझ्याशिवाय कोणाकडेच नाही, असं कोणत्या तोंडाने सांगू? ऐटीत म्हणालो, "ताईकडे आहे. तिला अख्खी पाठ आहे." पत्ताही दिला.

तो गेल्यापासून माझ्या टेबलावरची प्रत दिसत नाही.

भावजी गावाला तर गेले नाहीत ना? मागच्या दाराची कडी बसवून घेतलीस का?

तो आलाच, तर पुस्तक मुकाट्याने देऊन टाक. आणि तू ते उघडूनसुद्धा पाहिलेलं नाहीस, हे त्याला खरं खरं सांग. मला ते केव्हाच कळलंय, ताई. आज पहिल्यांदाच त्याचं बरं वाटतंय.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझा धाकटा